उत्तर: अंध विद्यार्थी, पियानोची ग्रेड परीक्षा आणि म्युझस्कोर

प्रश्न असा आहे: स्कोअरची (स्वरलिपीत छापलेल्या संगीताची) पीडीएफ एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) वाचत नाही, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. आधी म्युझिकएक्सएमएल फाइल मिळवा, म्हणजे सूर आणि मात्रा चित्राऐवजी मजकुरात नोंदलेली फाइल. कुणी सिबेलियस किंवा फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर लिहिलेला असेल तर तिथून ती एक्स्पोर्ट होते. नाहीच मिळाली तर पान ३०० डीपीआयने स्कॅन करून ऑडिव्हेरिस या स्कॅनमधून सूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला द्या. ते मोफत आहे. पण निघालेली फाइल डोळस माणसाने छापील पानाशी ताडून पाहायलाच हवी. टायचा (एकच सूर लांबवणाऱ्या कमानीचा) स्लर (वेगळे सूर सलग जोडणारी कमान) होतो, ट्रिपलेटचा (दोनाच्या जागेत तीन सुरांचा) ३ गळतो, एकाच स्टाफवरचे (पाच रेषांच्या पट्टीवरचे) दोन व्हॉइस (स्वतंत्र सुरावटी) एकमेकांत मिसळतात. ज्या बारमध्ये (दोन उभ्या रेषांमधल्या तालाच्या खंडात) मात्रा जुळत नाहीत तिथून सुरुवात करा. ब्रेल स्वरलिपीत सेमिब्रीव्ह (चार मात्रांचा सूर) आणि सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचा) यांचं चिन्ह एकच असतं, कुठलं ते बारच्या मात्रांवरून ओळखायचं. मात्राच चुकल्या तर वाचणारा अडकलाच.

मग ती फाइल म्युझस्कोर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रेफरन्सेसमध्ये भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवा, म्हणजे परीक्षेतल्यासारखे 'क्रॉचेट' (एक मात्रा), 'क्वेव्हर' (अर्धी मात्रा) ऐकू येतील. अमेरिकन इंग्रजीत 'क्वार्टर', 'एट्थ' येतं.

वाचताना उजवा-डावा बाण सुरावरून सुरावर नेतो, कंट्रोलसह बारवरून बारवर. कंट्रोल एफ दाबून बारचा आकडा टाकला की थेट तिथे. खरा घोळ वर-खाली बाणांचा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचा हात सवयीने तिकडे जातो आणि निवडलेला सूर अर्ध्या स्वराने सरकतो. कॉर्डमधले (एकत्र वाजणारे) सूर ऐकायचे तर ऑल्ट धरून वर-खाली. ऑल्ट आणि उजवा बाण घेतला की क्लेफ (पट्टीच्या सुरुवातीचं चिन्ह), डायनॅमिक्स (आवाजाच्या चढउताराच्या खुणा), फिंगरिंगही (कुठलं बोट वापरायचं ते आकडे) एकेक करून येतात. साध्या बाणाने ती निसटतात. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवाच.

लिहिताना एन दाबायचं, ५ म्हणजे क्रॉचेट, ४ क्वेव्हर, ६ मिनिम (दोन मात्रा), मग सुराचं अक्षर. शिफ्टसह अक्षर दाबलं तर सूर कॉर्डमध्ये जोडला जातो. माउसने पॅलेटमधून ओढायला शिकवणारे व्हिडिओ इथे कुचकामी.

नुसत्या ऐकण्यावर मात्र थांबू नका. बोटाखाली वाचलं तरच फिंगरिंग आणि व्हॉइस नीट कळतात. ४.१ पासून ब्रेल पॅनेल आहे, प्रेफरन्सेसच्या ब्रेल विभागात ते चालू करा; ब्रेल डिस्प्लेवर (बिंदू वर उठवून दाखवणाऱ्या यंत्रावर) चालू बार येतो. छापायला बीआरएफ (ब्रेल छपाईची फाइल) एक्स्पोर्ट करा. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून डिस्प्लेवर वाचताना अक्षरं भलतीच आली तर फाइलला दोष देऊ नका. एनव्हीडीएचं आउटपुट टेबल (कुठल्या अक्षराला कुठले बिंदू ते ठरवणारा तक्ता) मराठी किंवा इंग्रजी ग्रेड २ (संक्षिप्त ब्रेल) वर राहिलेलं असतं आणि ते आधीच ब्रेल असलेल्या मजकुराचं पुन्हा ब्रेल करतं. टेबल अमेरिकन इंग्रजी ६ बिंदू कॉम्प्युटर ब्रेल करा. ८ बिंदूंचं घेतलं तर मोठ्या अक्षरांखाली सातवा बिंदू उगाच उठतो.