जुन्या मालिकांमधल्या कथेतल्या आणि कंटिन्युइटीच्या चुका लोकांना दिसतात तरी कशा?

तुम्ही लिहिलंय की जुनी मालिका बघता बघता तुमचा मित्र मध्येच म्हणतो, "अरे, हिच्या हातात आत्ता भरलेला कप होता," आणि तुम्हाला तोच प्रसंग तीनदा बघूनही काही सापडत नाही. ही नजर उपजत असते की शिकता येते, असा तुमचा प्रश्न आहे. शिकता येते. मी अकरा वर्षं मराठी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळली, म्हणजे एका शॉटमधली वस्तू, कपडे, जागा पुढच्या शॉटमध्ये तशाच राहताहेत ना हे बघितलं. सुरुवातीचे काही महिने मलाही मॉनिटरवर फक्त गोष्टच दिसायची, वस्तू दिसायच्या नाहीत.

सगळ्यात आधी एक सवय मोडा. जो बोलतोय त्याच्याकडे बघू नका, जो ऐकतोय त्याच्याकडे बघा. समोरासमोर बसलेल्या दोघांचा प्रसंग सहसा आधी दोघंही दिसतील अशा एका रुंद शॉटमध्ये पूर्ण घेतात, त्याला मास्टर म्हणतात, मग एकाचे जवळून घ्यायचे सगळे शॉट, म्हणजे क्लोज, उरकतात. त्यानंतर लाईट फिरवून दुसऱ्याचे क्लोज लागतात. या फिरवाफिरवीत तास-दीड तास जातो, कधी मध्ये जेवणाची सुट्टी होते. पडद्यावर मात्र तो सगळा वेळ एका श्वासाचा असतो. बोलणाऱ्याकडे सेटवर सगळ्यांचं लक्ष असतं. ऐकणाऱ्याची बोटं, त्याच्या पेल्यातलं पाणी, मागच्या भिंतीवरचं घड्याळ यांच्याकडे एकाच माणसाचं लक्ष असतं, आणि तो माणूस दमतो. म्हणून एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. संवाद गेले की गोष्ट तुम्हाला ओढून नेत नाही आणि वस्तू आपोआप पुढे येतात. पदराची घडी, सिगारेटची लांबी, ताटातली अर्धी पोळी.

हे सोपं वाटतं, पण चूक नेमकी कुठे घडते हे कळल्याशिवाय नजर नुसती भिरभिरत राहते. मला ते एका बँडेजमुळे कळलं. एका कौटुंबिक मालिकेत सासूचा हात गरम कढईने भाजतो असा प्रसंग होता. डाव्या तळहाताला पट्टी बांधली, शॉट झाले. त्याच संध्याकाळचा पुढचा प्रसंग आठ दिवसांनी लागला, कारण मधल्या दिवसांत त्या बाईंची शूटिंगची डेट नव्हती. मी माझ्या फोनमधला फोटो काढला, मेकअपदादांना दाखवला, आणि आम्ही उजव्या हाताला पट्टी बांधली. तो फोटो मी मेकअप रूममधल्या आरशात बघून घेतला होता. आरशातला डावा हात मला उजवा दिसला. दोन्ही प्रसंग एकाच भागात, जाहिरातीच्या ब्रेकच्या अलीकडे-पलीकडे आले. टेलिकास्टच्या रात्री घरी बसून ते बघताना जे पोटात कालवलं ते अजून आठवतं. त्यानंतर मी एकही कंटिन्युइटी फोटो आरशातून घेतला नाही, आणि फोटोखाली हात, बाजू, सीन नंबर लिहिल्याशिवाय पुढे गेले नाही.

यातून मला जे समजलं तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चूक सांध्यावर होते. एका सलग शॉटमध्ये चूक होणं जवळपास अशक्य असतं. कप टेबलावर असतो तो टेबलावरच राहतो. चूक होते ती दोन शॉट, दोन दिवस, दोन भाग किंवा दोन लेखक जिथे जोडले जातात तिथे. म्हणून पूर्ण मालिकेवर नजर ताणू नका. सांधा कुठे आहे ते ओळखा आणि तिथे थांबा.

शॉटमधला सांधा वर सांगितलाच. भागांमधला सांधा जास्त मजेदार असतो, कारण तो बघायला मालिका कोणत्या क्रमाने बनली आणि कोणत्या क्रमाने दाखवली हे माहीत असावं लागतं. अंतराळयानाच्या प्रवासाची 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका, तिची पहिली, मूळ मालिका घ्या. 8 सप्टेंबर 1966 ला पहिला भाग दाखवला, त्यात यानावरचे डॉक्टर मॅकॉय आहेत. 22 सप्टेंबरला तिसरा भाग आला, त्यात मॅकॉय गायब, दुसरेच डॉक्टर, यानावरची अधिकारी उहुरा नाही, कपडे वेगळे, दुसरा अधिकारी स्पॉक याच्या अंगात निळ्याऐवजी पिवळट सोनेरी सदरा. शिवाय कॅप्टन कर्कसाठी जे थडगं तयार होतं, त्यावरच्या शिळेवर 'जेम्स आर. कर्क' असं कोरलेलं. पुढे सगळीकडे तो जेम्स टी. कर्क आहे. उलगडा असा की हा तिसरा भाग खरं तर मालिकेचा दुसरा पायलट, म्हणजे मालिका मंजूर होण्याआधी बनवलेला नमुना भाग. तो 1965 मध्ये आधीच बनला होता आणि प्रसारणात मागे ढकलला गेला. तेव्हा कपडे, माणसं, नाव, काहीच पक्कं झालेलं नव्हतं. डॉक्टर आणि सदरे यांचा गोंधळ म्हणजे निव्वळ प्रसारणाचा क्रम. शिळेवरचं ते अक्षर मात्र नाव बदलल्यावरही मागे राहून गेलेली खरी चूक. दोन्ही एकाच भागात आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. हा फरक ओळखता आला की तुम्ही मित्राच्या पुढे गेलात.

आता लेखकांमधला सांधा. कथेतली मोठी छिद्रं, ज्यांना आपण प्लॉट होल म्हणतो, ती बहुतेक इथेच सापडतात. यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'मॅश'. कोरियन युद्धातल्या अमेरिकन फिरत्या लष्करी रुग्णालयाची ही मालिका 1972 ते 1983 अशी अकरा सीझन चालली. खरं युद्ध 25 जून 1950 ला सुरू झालं आणि 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाली. म्हणजे सदतीस महिन्यांची गोष्ट सांगायला अकरा वर्षं. नुसतं एवढं असतं तर काही बिघडलं नसतं. प्रेक्षक एवढी सूट देतात. पण लेखकांनी तारखा सांगितल्या, आणि तारीख सांगितली की हिशेब द्यावा लागतो.

मी एका वहीत हा हिशेब मांडला होता. चौथ्या सीझनमध्ये कर्नल पॉटर नवे प्रमुख म्हणून येतात. ते रुजू होण्याची तारीख मालिकेतच दिली आहे: 19 सप्टेंबर 1952. याचा अर्थ त्यांच्या वाट्याला युद्धाचे जेमतेम दहा महिने आले, आणि त्यात नाताळ एकच. पण पॉटर पुढे शेवटच्या भागापर्यंत राहतात, म्हणजे आठ सीझन. सातव्या, नवव्या आणि दहाव्या सीझनमध्ये नाताळचे वेगवेगळे भाग आहेत आणि तिन्हींत पॉटर हजर आहेत. एका नाताळात तीन नाताळ बसवायचे कसे?

इथवर अजून कोणी म्हणू शकेल की चला, एकाच नाताळचे तीन तुकडे असतील. मग नवव्या सीझनमधला एक भाग येतो, डिसेंबर 1980 मध्ये दाखवलेला. त्यात एका भागात पूर्ण वर्ष दाखवलंय, 1950 च्या शेवटच्या रात्रीपासून 1951 च्या शेवटच्या रात्रीपर्यंत. पॉटर तिथे पहिल्या मिनिटापासून आहेत. आणि वर्षाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही, कारण त्या भागात बेसबॉलच्या खऱ्या हंगामावर पैजा लागतात. ब्रुकलिन डॉजर्स हा संघ जिंकणार म्हणून रुग्णालयातला सर्जन विंचेस्टर पैसा लावतो आणि न्यूयॉर्क जायंट्स बाजी मारतात. तो सामना खरोखर 3 ऑक्टोबर 1951 ला झाला, बॉबी थॉमसनचा सामना जिंकून देणारा तो फटका, होम रन, अमेरिकेत आजही सांगितला जातो. म्हणजे खऱ्या जगातल्या एका सामन्याने 1951 चा खिळा ठोकला आणि पॉटर अजून वर्षभराने यायचे होते! मी तो भाग दुसऱ्यांदा बघितला तेव्हा तो खेळ रेडिओवर लागल्यावर वही उघडली, आणि दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून कितीतरी वेळ बघत बसले.

याचं कारण शोधताना लेखकांना दोष द्यावासा वाटत नाही. मालिकेला आकार देणारे लॅरी गेलबार्ट चौथ्या सीझननंतर बाहेर पडले. 1975 मध्ये लिहिलेली एक तारीख 1980 मधल्या वेगळ्या लेखकांनी लक्षात ठेवावी, असं तेव्हा कोणालाच वाटलं नसणार. भाग आठवड्यातून एकदा लागायचा. चुकला तर पुनःप्रक्षेपण होईपर्यंत थांबायचं. पाच वर्षांपूर्वीचा संवाद प्रेक्षकाकडे तपासायला होता कुठे?

त्याच मालिकेत माणसांची घरंही बदलतात. मालिकेचा नायक, सर्जन हॉकाय पहिल्या सीझनमध्ये वडिलांना पत्र लिहिताना आई आणि बहिणीचा उल्लेख करतो. नंतरच्या सीझनमध्ये तो एकुलता एक आहे आणि त्याची आई तो लहान असतानाच वारलेली आहे. आधीचे प्रमुख हेन्री ब्लेक, त्यांच्या बायकोचं नाव सुरुवातीला मिल्ड्रेड, मग लॉरेन. आणि पॉटरच्या बायकोचं नाव पुन्हा मिल्ड्रेड. वहीत नातेवाइकांचा एक रकाना हवाच तो यासाठी. माझ्या अनुभवात मालिकांमध्ये सगळ्यात जास्त चुका मृत आईवडील, भावंडं आणि वय यांत होतात, कारण ही माणसं पडद्यावर दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याची कंटिन्युइटी सांभाळायला सेटवर कोणी नेमलेलं नसतं.

कधी सांधा दोन मालिकांमध्ये असतो. 'डॅलस' या अमेरिकन कौटुंबिक मालिकेत बॉबी युइंग 1985 मध्ये मेला आणि 1986 मध्ये जिवंत होऊन आंघोळ करताना दिसला; मधला पूर्ण सीझन बायकोचं स्वप्न ठरवला. पण 'डॅलस'मधूनच निघालेल्या 'नॉट्स लँडिंग'मध्ये तोवर त्याच्या मृत्यूचा शोक होऊन गेला होता. ते स्वप्न त्यांच्यापैकी कोणालाच पडलं नव्हतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण इंटरनेटवर यात फार अन्याय होतो. दिसलेली प्रत्येक विसंगती चूक नसते. दूरदर्शनवर 1984 मध्ये 'ये जो है ज़िंदगी' आली, त्यात सतीश शाह जवळपास दर भागात नव्या माणसाच्या भूमिकेत येत. घरातल्या कोणालाच हा चेहरा ओळखीचा वाटत नसे. तो त्या मालिकेचा ठरलेला खेळ होता. तसंच कलाकार बदलण्याचं. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीर तीन नटांनी केला. आपण मराठी माणसं नाटकात रिप्लेसमेंट किती सहज स्वीकारतो. भूमिका तीच, माणूस नवा. मालिकेतही ती तडजोड आहे, तिला छिद्र म्हणणं योग्य नाही.

काही चुका तर नंतर पैदा झालेल्या असतात. 'बफी द व्हँपायर स्लेयर' ही 1997 ते 2003 ची मालिका पुढे एचडी करून रुंद चौकटीत आणली. मूळ चित्रीकरण जुन्या, चौकोनी पडद्यासाठी होतं. कडा उघडल्या तेव्हा त्यांत युनिटची माणसं आणि साहित्य दिसू लागलं. त्याहून वाईट म्हणजे दिवसा शूट करून रंग बदलून रात्र केलेल्या काही प्रसंगांतला तो रंग गेला, आणि उन्हात जळून जाणारे व्हँपायर दिवसाउजेडी फिरताना दिसायला लागले. आजचा प्रेक्षक त्याला प्लॉट होल म्हणतो. ज्यांनी ती रात्र कष्टाने तयार केली होती त्यांच्या माथी ही चूक मारली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून कोणावर बोट ठेवण्याआधी आपण कोणती प्रत बघतोय ते तपासा.

आणि दुसऱ्याची यादी उतरवू नका, स्वतः भाग बघा. पोलीस तपासाच्या 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेतल्या नायकाच्या, कोलंबोच्या, पहिल्या नावाचा किस्सा याच कामाचा आहे. मालिकेत त्याचं पहिलं नाव कधी उच्चारलं जात नाही. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम 'फिलिप' असं खोटं नाव घातलं, नक्कल करणारा पकडता यावा म्हणून. ते नाव 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळात जसंच्या तसं आलं. वर्थने 1984 मध्ये दावा लावला आणि तो हरला, पण 'फिलिप' मात्र पसरतच राहिलं. इकडे 1971 च्या एका भागात कोलंबो आपलं ओळखपत्र दाखवतो. चित्र थांबवून बघितलं तर त्यावर 'फ्रँक' वाचता येतं. 1971 मध्ये घरात चित्र थांबवायची सोय नव्हती. ते पत्र बनवणाऱ्याने कोणी ते वाचेल अशी कल्पनाही केली नसेल.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पूर्ण मालिका घेऊ नका. 'मॅश'चा चौथ्या सीझनमधला पॉटर येतात तो भाग बघा, मग नवव्या सीझनमधला तो वर्षभराचा भाग बघा, लगोलग. दोनशे पानी वहीचं एक पान घ्या, चार रकाने पाडा: तारीख, वय, नातेवाईक, घरातली जागा. शेवटच्या रकान्यात जिना कुठे जातो, खिडकी कोणत्या भिंतीला आहे, दार आत उघडतं की बाहेर, एवढंच लिहायचं. एक ओळ लिहिली की तिच्यापुढे सीझन आणि भागाचा क्रमांक टाका, नाहीतर दोन महिन्यांनी तुमच्याच वहीवर तुमचा विश्वास बसणार नाही. मग मित्राला बोलवा, आणि रेडिओवर बेसबॉलचा सामना सुरू झाला की चित्र थांबवून त्याला विचारा की पॉटर इथे काय करताहेत.