पांढरा घोडा घोडा नाही?

प्रश्न: चीनमधला कोणी तत्त्वज्ञ म्हणायचा की पांढरा घोडा हा घोडाच नाही, आणि असं बोलून त्याने नाक्यावर घोड्याचा टॅक्स चुकवला, असं एका रीलमध्ये ऐकलं. खरंय का हे, की नुसता टाइमपास?

उत्तर: माणूस खरा आहे. गोंगसुन लोंग, इ.स.पू. तिसरं शतक, झाओ राज्यातला. टॅक्सची गोष्ट मात्र हान फेई या चिनी विचारवंताच्या ग्रंथात 'नि युए' नावाच्या दुसऱ्याच वादपटूवर आहे आणि तिथे शेवट बरोबर उलटा, म्हणजे वादात भल्याभल्यांना गप्प केलं पण नाक्यावर पांढऱ्या घोड्याचे पैसे भरावेच लागले!

आता गोंगसुन लोंगचा मुद्दा असा की, 'घोडा आण' म्हटलं तर काळा आणा, पिवळा आणा, चालतं. 'पांढरा घोडा आण' म्हटलं की ते दोन्ही बाद. मग दोन्ही एकच कसे? 'घोडा' आकार सांगतो, 'पांढरा' रंग. आपण ऐकतो की पांढरा घोडा घोड्यांत मोडत नाही, आणि डोकं फिरतं, पण तो बहुतेक एवढंच म्हणतोय की या दोन गोष्टी एकच नव्हेत. अभ्यासकांची यावर अजून भांडणं चालू आहेत. मला विचाराल तर त्याला दोन्ही अर्थ पक्के ठाऊक होते आणि समोरच्याला तो मुद्दाम गोंधळात ठेवायचा.

कारण माणूस दरबारी होता, पिंगयुआनच्या सरदाराच्या आश्रयाला. छिन आणि झाओ या दोन राज्यांचा करार होता की एकाला जे करायचंय त्यात दुसऱ्याने मदत करायची. छिनने वेई राज्यावर हल्ला केला, झाओला वेईला वाचवायचं होतं, तर छिनचा राजा भडकला, म्हणे करार मोडताय. गोंगसुन लोंगने सल्ला दिला, उलट त्यांनाच निरोप पाठवा की आम्हाला वेईला वाचवायचंय आणि तुम्ही मदत करत नाही, करार तर तुम्हीच मोडताय. आहे की नाही वकील!

पुढे झोउ यान नावाचा दुसरा तत्त्वज्ञ दरबारात आला, असल्या शब्दांच्या गुंत्यामुळे मूळ विषय बाजूला पडतो म्हणाला, आणि गोंगसुन लोंगचा भाव उतरला. याच्या नावावरच्या ग्रंथाची 14 प्रकरणं होती अशी नोंद आहे, उरलीत 6, त्यातलं पहिलं तर दुसऱ्याच कोणीतरी नंतर लिहिलेलं. वाचायचंच असेल तर घोड्याचं प्रकरण आधी घ्या, छोटंसं आहे आणि सगळं सवाल-जवाबातच आहे.