नाईनच्या विधवेला कोणी विश्वास विचारला नव्हता

प्रश्न : आदरणीय ताई, माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा त्यांचे डायलिसिस होते. आमच्या घरी भरलेल्या प्रार्थनासभेत एका बांधवांनी सर्वांसमक्ष सांगितले की, प्रभूने आजाऱ्यांना बरे केले, मग येथे गुण येत नसेल तर घरात कोणाचा तरी विश्वास उणा आहे, आणि आमची भिस्त औषधांवर आहे. तेव्हापासून शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातला, चमत्काराचा भाग आला की मला पुस्तक मिटावेसे वाटते. यजमान मात्र रोज रात्री तेच भाग वाचायला सांगतात. मी काय करू?
– एक भगिनी, सांगली जिल्हा

प्रिय भगिनी,

आजारी माणसाच्या उशाशी बसून जे बोलले गेले, ते बोलायला नको होते. आणि ते शास्त्राला धरूनही नव्हते, हे मी आधीच स्पष्ट लिहिते, कारण दोन वर्षे प्रार्थना करीत राहिलेल्या स्त्रीने आपल्या विश्वासाचा हिशोब कोणापुढे मांडावा, अशी वेळच यायला नको होती.

येशूने काही जणांना, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, असे सांगितले, हे खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. परंतु मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या त्याच शुभवर्तमानांत नाईन गावची विधवा आहे. एकुलत्या एका मुलाची तिरडी वेशीबाहेर चालली असताना तिने काहीही मागितले नाही. तिला पाहून प्रभूला कळवळा आला, एवढेच कारण लूक देतो. बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षे दुखण्यात काढलेल्या माणसाला, आपल्याला बरे करणारा कोण होता, हेदेखील ठाऊक नव्हते. गेथशेमाने बागेत ज्याचा कापला गेलेला कान बरा झाला, तो तर येशूला धरायला आलेल्या टोळीतला होता. विश्वास ही चमत्काराची किंमत असती, तर यांच्यापैकी एकालाही ती भरता आली नसती. येशूच्या स्वतःच्या गावी, नासरेथमध्ये, अविश्वासामुळे त्याला फारसे काही करता आले नाही, हा दाखला तुम्हाला कदाचित दिला जाईल. पण त्या गावाने त्याला झिडकारले होते, आणि तुम्ही तर रोज त्याच्याच दाराशी जात आहात. शिवाय मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप, आपला विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, हे एकाच श्वासात कबूल करतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो.

आता तुमच्या पत्रात न लिहिलेल्या, पण ओळीओळींतून जाणवणाऱ्या प्रश्नाकडे येते : बरे करणे त्याच्या हाती आहे, तर आमच्याच घरी का नाही? याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते आपल्याजवळ आहे असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे असे मला वाटते. मात्र मत्तयाच्या अकराव्या अध्यायात हाच प्रश्न घेऊन उभा असलेला एक माणूस आहे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता आणि, जो तारणारा येणार होता तो तूच काय, असे त्याने शिष्यांकरवी विचारले. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, मेलेले उठवले जातात, हे त्याला जाऊन सांगा, असे येशूने उत्तर दिले. भगिनी, चमत्कारांचा हा वृत्तान्त ज्याच्यासाठी पाठवला गेला, त्याची सुटका झाली नाही. पुढे राजा हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला. म्हणजे दुसऱ्यांचे बरे होणे ऐकून स्वतः कोठडीतच राहणे, हे ज्याच्या वाट्याला आले, त्याच्या धीरासाठीही प्रभूने हेच चमत्कार सांगितले. आणि त्याच अध्यायात, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी झाला नाही, असे त्याच्याविषयी म्हटले. त्याला कमी विश्वासाचा ठरवण्याची छाती कोणाची होईल? येशूचा प्रेषित पौल यानेही आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला एवढेच मिळाले : ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंचे सारे जीवन प्रार्थनेवर उभे होते, तरी १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली; आणि १९२२ मध्ये स्वतः निवर्तेपर्यंत पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे करण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

औषधांविषयीच्या बोलण्याने तुम्ही मुळीच डगमगू नका. डायलिसिसची एकही पाळी कोणाच्या सांगण्यावरून चुकवू नका आणि आहार व पाणी यांविषयी डॉक्टर सांगतील तेच पाळा. लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो. तुमच्या मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले, तेही या शुभवर्तमानावरील श्रद्धेपोटीच. तेव्हा औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे आपल्या मंडळीने तरी म्हणू नये.

यजमानांना आज रात्री मार्कचा पाचवा अध्याय वाचून दाखवा. त्यात १२ वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली, वैद्यांपायी सारे पैसे संपलेली बाई आहे. खर्चाचा तो भाग तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तिच्यासाठी येशू वाटेत थांबतो आणि याइराला, ज्याची मुलगी मरणपंथाला लागली आहे, ताटकळत उभे राहावे लागते. त्या याइराजवळ थोडा वेळ थांबा, कारण तुम्ही दोघे आज तेथेच उभे आहात. पुढे मुलगी उठल्यावर येशू घरच्यांना, तिला काही खायला द्या, असे सांगतो. आजाऱ्याच्या पोटाची काळजी त्याने त्या गडबडीतही केली, हे मला प्रत्येक वाचनात नव्याने धीर देते. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काही दिवसांनी घ्या. तेथे मेलेल्या लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघीही प्रभूला, तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता, असे तोंडावर म्हणतात आणि तो त्यांना रागावत नाही, उलट कबरेकडे जाताना स्वतः रडतो. वाचताना तुमचा कंठ दाटला तर यजमानांपासून लपवू नका.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडले, आणि येशूने विश्वास पाहिला तो त्या सर्वांचा. म्हणून तुमच्या पाळकांना भेटून दोन गोष्टी सांगा : डायलिसिसच्या दिवशी यजमानांना नेण्या-आणण्यासाठी आणि घरच्या स्वयंपाकासाठी मंडळीतल्या चार घरांनी पाळी लावून घ्यावी, आणि यापुढे तुमच्या घरी प्रार्थनासभा भरेल तेव्हा पाळकांनी स्वतः हजर राहावे. त्या बांधवांशी बोलण्याचे काम पाळकांचे आहे. ते तुम्ही अंगावर घेऊ नका.

तुमची ताई