पॅच मारला, पण मशीन रीबूट केलं का?

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आणि पॅच म्हणजे त्रुटीची दुरुस्ती. कर्नेलमधल्या सुरक्षा त्रुटींबद्दल येणाऱ्या प्रश्नांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. पॅच आला, पॅच डिस्कवर उतरला आणि पॅच लागू झाला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बहुतेकांच्या डोक्यात त्या एकच असतात. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतो आहे.

प्रश्न : संगणकावर चांगला, पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस आहे. तरीही ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट घ्यावेच लागतात का?

हो. अँटिव्हायरस कर्नेलच्या भरवशावर चालतो. कर्नेलच ताब्यात गेला तर अँटिव्हायरसला काय दिसावं हे हल्लेखोर ठरवतो.

प्रश्न : आमची सगळी अ‍ॅप्लिकेशन्स कंटेनरमध्ये आहेत. इमेज दर आठवड्याला नव्याने बनवतो. कर्नेलसाठी वेगळं काही करायला हवं का?

हवं. कंटेनर, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनची बंदिस्त पाकिटं, ज्या मशीनवर चालतात त्या होस्टचाच कर्नेल वापरतात, त्यामुळे इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) कितीही ताजी असली तरी कर्नेल जुना तो जुनाच. होस्ट क्लाउड कंपनीचा असेल, तर नोड, म्हणजे ती होस्ट मशीन्स, अपडेट करण्याची जबाबदारी कुणाची हे त्यांना लेखी विचारा.

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर सुरक्षा अपडेट आपोआप होतात. सर्व्हर दोन वर्षांत एकदाही बंद झालेला नाही. आता निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. तुमचं दुसरं वाक्य पहिल्या वाक्यावर पाणी फिरवतं.

मशीन सुरू होताना कर्नेल एकदाच डिस्कवरून मेमरीत येतो आणि मशीन बंद होईपर्यंत तोच चालत राहतो. आपोआप होणारं अपडेट नवा कर्नेल आणून बूट फोल्डरमध्ये ठेवतं, एवढंच. चालू कर्नेलला त्याचा पत्ताही नसतो. एखादी सेवा अपडेटनंतर पुन्हा सुरू करता येते. कर्नेल पुन्हा सुरू करणं म्हणजेच मशीन रीबूट करणं.

एका संस्थेत मला असाच एक सर्व्हर दाखवला होता. अ‍ॅडमिनने मोठ्या अभिमानाने अपटाइमचा, म्हणजे मशीन सलग किती काळ चालू आहे त्याचा, आकडा पुढे केला. मी त्यांना दोनच कमांड द्यायला सांगितल्या. 'यूनेम -आर'ने चालू कर्नेल दाखवला : दोन वर्षांपूर्वीचा. मग बूट फोल्डरची यादी काढली. तिथे त्याच महिन्यात आलेला कर्नेल पडून होता. अपडेटच्या लॉगमध्ये त्याआधी आलेल्या आणि एकदाही न चाललेल्या कर्नेलांची रांग होती. प्रत्येक नोंदीपुढे 'यशस्वी' लिहिलेलं होतं. ते गृहस्थ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांची मेहनत खरी होती, पण तिचा एक कणही मेमरीत पोहोचला नव्हता.

तुम्हीही आज हेच करून बघा. रीबूट बाकी असेल तर उबुंटूवर 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार झालेली दिसेल, रेड हॅटच्या कुटुंबात 'नीड्स-रीस्टार्टिंग -आर' ही कमांड स्पष्ट सांगते.

'घाई काय आहे, पुढच्या तिमाहीत करू' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. पॅच जाहीर होतो त्या दिवशी भोक कुठे आहे हेही जाहीर होतं. लिनक्समध्ये तर बदललेली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवला की जाणकाराला हल्ल्याची दिशा कळते. त्यामुळे पॅच आल्यानंतरचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचे असतात. कर्नेलमधल्या नेटफिल्टर या नेटवर्कच्या गाळणीतल्या सीव्हीई-२०२४-१०८६ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक) या त्रुटीची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये झाली. मार्चमध्ये तिचा फायदा घेऊन रूट, म्हणजे मशीनवरचा सर्वाधिकार, मिळवून देणारा तयार कोड उघड प्रसिद्ध झाला. मे संपता संपता अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जाणारी' म्हणून यादीत घातली. तुमची तिमाही नेमकी या काळात संपते. विंडोजचंही तेच. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम ज्या भोकातून पसरला ते फाइल शेअरिंगच्या कर्नेलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये होतं. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला आणि वॉनाक्राय १२ मे रोजी सुटला. मध्ये ५९ दिवस होते. ज्यांनी त्या दिवसांत पॅच लावून मशीन रीस्टार्ट केलं होतं, त्यांच्याकडे तो या वाटेने शिरू शकला नाही.

रीबूट आंधळेपणाने करा असं मी म्हणत नाही. आधी बॅकअप, मग कमी महत्त्वाच्या मशीनवर चाचणी, मग ठरलेल्या वेळी बाकीची मशीन्स. दोन वर्षं न थांबलेलं मशीन पहिल्या रीबूटला हमखास एखादी जुनी चूक उघडी करतं : हाताने सुरू केलेली आणि बूटच्या यादीत न टाकलेली सेवा, कुणाच्याच लक्षात न राहिलेला माउंट (जोडलेली डिस्क). म्हणून तुमच्या सर्व्हरची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना सोबत घेऊनच हे करा. पण तारीख याच आठवड्यात ठरवा.

प्रश्न : विंडोजचा लॅपटॉप मी रोज रात्री शट डाउन करतो. म्हणजे रोज रीबूट होतोच ना?

नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नेलची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत मेमरीत आणतं. अपडेटनंतर मेनूतला 'रीस्टार्ट' निवडा.

प्रश्न : अहवालात त्रुटी 'लोकल' आहे असं लिहिलंय. सर्व्हरवर माझ्याशिवाय कुणाचंच खातं नाही. मग दुर्लक्ष केलं तर चालेल?

चालणार नाही. 'लोकल' म्हणजे हल्लेखोर खुर्चीवर येऊन बसला पाहिजे असं नाही. त्याचा कोड तुमच्या मशीनवर कोणत्याही साध्या खात्याखाली चालला की पुरे. वेबसाइटच्या एखाद्या प्लगिनमधून आत आलेल्याला वेब सर्व्हरचं दुबळं खातं मिळतं. तिथून रूटपर्यंत जाण्याची शिडी म्हणजे ही लोकल त्रुटी.

डर्टी पाइप आठवा. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेली ही त्रुटी ५.८ पासूनच्या कर्नेलमध्ये होती, आणि तिच्यामुळे फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्येही साध्या वापरकर्त्याला लिहिता येत होतं. मूळ कारण एवढंच, की पाइपच्या (दोन प्रोग्रॅममध्ये डेटा नेणाऱ्या वाटेच्या) बफरमधला एक फ्लॅग, म्हणजे खूण, शून्य करायचा राहून गेला होता. दुरुस्ती दोन ओळींची. तुमच्या सर्व्हरवर कोणकोणत्या सेवा बाहेरून पोहोचता येण्यासारख्या आहेत, हे एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : एका कंपनीने सर्व्हर स्कॅन करून कर्नेल ४.१८ असल्यामुळे 'शेकडो गंभीर त्रुटी' असल्याचा अहवाल दिला आणि मोठं कोटेशन पाठवलं. आमच्याकडे रेड हॅट ८ आहे, अपडेट नियमित आहे आणि परवाच रीबूट केलं. स्वतः नवीन कर्नेल कंपाइल करून टाकू का?

अजिबात टाकू नका आणि कोटेशनवर सहीही करू नका.

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये ४.१८ हा आकडा मुद्दाम कायम ठेवतात आणि नव्या कर्नेलमधल्या सुरक्षा दुरुस्त्या त्यात मागे आणून बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. खरी माहिती हायफननंतरच्या आकड्यांत असते. जे स्कॅनर फक्त पहिला आकडा वाचून यादी छापतात, त्यांच्या अहवालाला काडीची किंमत नाही आणि तो दाखवून घाबरवणं हा धंदा आहे. त्या यादीतले पाच सीव्हीई क्रमांक घ्या, पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, शोधा आणि रेड हॅटच्या सीव्हीई पानावर जुळवून बघा. जे सापडत नाहीत त्यांच्याबद्दल थेट रेड हॅटच्या सपोर्टला विचारा. हाताने कंपाइल केलेल्या कर्नेलचे पुढचे सगळे पॅच तुमच्याच गळ्यात पडतील.

प्रश्न : लाइव्ह पॅचिंगची सेवा विकणारे म्हणतात, 'आता रीबूट कायमचं विसरा.' खरं आहे का?

तंत्र खरं आहे, 'कायमचं' खोटं आहे. लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये लाइव्ह पॅचिंगची सोय २०१५ मध्ये ४.० आवृत्तीपासून आली. चालू कर्नेलमधल्या सदोष फंक्शनच्या तोंडाशीच वळण घालून काम दुरुस्त फंक्शनकडे पाठवायचं, ही कल्पना. पण दुरुस्तीत डेटाची रचनाच बदलणार असेल तर हे अवघड होतं. शिवाय या सेवा सहसा गंभीर त्रुटींपुरत्याच असतात आणि प्रत्येक कर्नेलला ठरावीक मुदतीपर्यंतच मिळतात. रीबूटची तारीख गाठेपर्यंतचा आधार म्हणून जरूर वापरा. करारात मुदत किती आणि कोणत्या त्रुटी धरल्या आहेत, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि लक्षात ठेवा, लाइव्ह पॅचनंतर 'यूनेम -आर' जुनाच आकडा दाखवतो. लागू झालेले पॅच त्या सेवेच्या स्वतःच्या कमांडने बघावे लागतात.

प्रश्न : ग्रुपवर एकाने टाकलं की 'मिटिगेशन्स=ऑफ' केलं की मशीन पळायला लागतं. करू का?

सांगोवांगीवर कर्नेलचे पॅरामीटर बदलू नका. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. त्यांच्यासाठी आणि नंतर सापडलेल्या त्यांच्या भावंडांसाठी कर्नेलने घातलेली कवचं या एका शब्दाने निघून जातात. वेग किती वाढेल हे प्रोसेसर आणि कामावर ठरतं, आणि नव्या प्रोसेसरांत काही त्रुटी मुळातच नाहीत. सिस फाइलसिस्टीममधलं 'व्हल्नरेबिलिटीज' फोल्डर उघडा. कोणती त्रुटी तुम्हाला लागू आहे हे तिथे एकेका ओळीत लिहिलेलं असतं. मशीन मंद असेल तर आधी कारण मोजून काढा.

प्रश्न : अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा पॅचच्या तारखेत शेवटी कधी ०१ असतं, कधी ०५. फरक काय?

कर्नेल आणि चिपच्या ड्रायव्हरांच्या दुरुस्त्या ०५ मध्ये येतात. ०१ वरच थांबला असेल तर त्या सगळ्या आल्याची खात्री नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीला विचारा.

प्रश्न : अपडेटनंतर लिनक्स मशीन सुरूच होत नाही. काय करू?

बूट मेनूमधून आधीचा कर्नेल निवडा. बहुतेक वितरणं तो ठेवतातच. बाहेरून घेतलेला ग्राफिक्स किंवा स्टोरेजचा ड्रायव्हर नव्या कर्नेलसाठी तयार झाला नसेल, तिथून तपास सुरू करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर स्वतः काही करून बघण्याआधी माहीतगाराला बोलवा. आणि जुन्या कर्नेलवर मुक्काम करू नका, तो भोकासकट चालू आहे.