तलावात मत्स्यबीज कागदावर 50 हजार आणि पाण्यात त्याच्या निम्मं, हे कसं थांबवायचं?

बीज सोडायच्या दिवशी मच्छीमार सहकारी संस्थेच्या चार सभासदांनी तलावावर उभं राहून मोजून घ्यायचं आणि तिथंच पंचनामा करून सह्या घ्यायच्या, कारण बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) एकदा पाण्यात गेली की मग कोण मोजणार. बीज आणलेल्या ऑक्सिजनच्या पिशव्या तशाही पिशवीतल्या नि तलावातल्या पाण्याचं तापमान जुळायला पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवतात, तेवढ्या वेळात दोन-तीन पिशव्या आपण निवडायच्या (बीज पुरवणाऱ्यानं पुढं केलेल्या नव्हे!), गाळणीनं एका मापातली पिल्लं मोजायची, गुणिले एका पिशवीतली मापं, गुणिले एकूण पिशव्या, आणि मोबाईलवर व्हिडिओ. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मच्छीमार संस्थेचा सभासद आहे, बिलावरचा आकडा नि पिशव्यांचा हिशोब जुळत नाही हे असंच मोजून कळलेलं.

कागदांसाठी:
- मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. ठेक्याचा करार, बीज खरेदीची बिलं, अनुदानाची यादी मागा, नुसत्या झेरॉक्स नको, कलम 2(ञ) खाली फाईल समोर बसून बघता येते.
- कोण लाच मागत असेल तर पैसे द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 ला फोन, दिल्यावर सापळा कसला लावणार.

फक्त एक, अर्ज थेट संस्थेकडं टाकू नका. 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकारात येत नाहीत. तिथं सभासद म्हणून सहकार कायद्याच्या कलम 32 खाली ताळेबंद आणि सभेची इतिवृत्तं बघायला मागा.