माउंट थॉरचा कडा नव्वद अंशांपेक्षाही जास्त झुकलेला असेल, तर १९६५ मध्ये दोन खगोलशास्त्रज्ञ तो चढले कसे?

ते कडा चढलेच नाहीत! शिखर आणि कडा यांची गल्लत या डोंगराबाबतीत नेहमी होते, कारण फोटोत दिसतो तो बहुधा पश्चिमेकडचा कडाच.

कॅनडाच्या बॅफिन बेटावर, आर्क्टिक वृत्ताला अगदी खेटून हा ग्रॅनाइटचा डोंगर उभा आहे. उंची १६७५ मीटर, म्हणजे तशी मामुलीच. त्याचं नाव झालं ते १२५० मीटरच्या पश्चिम कड्यामुळे. सरासरी कोन १०५ अंश असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, पण हा आकडा मी जरा जपूनच घेतो. तो अख्ख्या कड्याला लावला तर माथा पायथ्याच्या जवळजवळ ३३५ मीटर पुढे यायला हवा. फोटो नीट पाहा, पायथ्याचा खडक उलट उतरता दिसतो. बाहेर झुकलाय तो वरचा भाग.

लायमन स्पिट्झर आणि डोनाल्ड मॉर्टन १९६५ मध्ये माथ्यावर पोचले ते हा कडा टाळून. (दुर्बीण अवकाशात न्यावी असं १९४६ मध्येच मांडणारे स्पिट्झर ते हेच. माथ्यावर पोचले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.)

पश्चिम कडा सर झाला त्यानंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये. चार अमेरिकन गिर्यारोहक, ३३ दिवस. अशा भिंतीवर मुक्कामही भिंतीवरच. अन्न, इंधन, झोपायची टांगती फळी, सगळं दोराने मागून ओढत न्यायचं. खडक बाहेर झुकलेला असला की वरून सुटलेला दगड पाठीमागून निघून जातो, हा फायदा. पण माघार घ्यायची वेळ आली तर पंचाईत: दोर सोडला की तो हवेत लोंबकळतो आणि भिंत हाताला लागत नाही. माझ्या मते खरी धास्ती या उतरण्याचीच.

नुसता पाहायचा असेल तर दोर लागत नाही. पँगनिर्टुंग गावातून उन्हाळ्यात बोटीने फियॉर्डच्या (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या अरुंद खाडीच्या) टोकाला जायचं आणि अक्षायुक खिंडीतून चालत सुटायचं. वाट कड्याच्या समोरूनच जाते. फक्त वसंत सरताना फियॉर्डवरचा बर्फ फुटत असतो, त्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा धड बोटही चालत नाही, धड बर्फावरून धावणारी स्नोमोबाइलही नाही.