दोनशे बदाम आणि एकही प्रश्नचिन्ह नाही

"मॅडम, मी ग्रुपवर बोलायलाच नको होतं." हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं यायला बराच वेळ लागला.

मुलगा २० वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. (मी समुपदेशन करते. त्याच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत आई होती आणि तिची तक्रार वेगळीच होती. "घरात हल्ली कागदाचा कपटासुद्धा सापडत नाही हो." ही तक्रार आहे की समाधान, मला आधी कळेना. मग उलगडा झाला. अकराव्या वर्षापासून हा पोरगा ओरिगामी करतो, म्हणजे कागदाला घड्या घालून आकार बनवतो. सोफ्याखाली, वह्यांत, धुवायला टाकलेल्या शर्टच्या खिशात कायम घड्या घातलेले कागद. आणि गेले तीन महिने एकही नाही.

चार वर्षांपासून तो ओरिगामी करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे. तिथे त्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. टोपणनाव आणि षटकोनी टेसेलेशन (एकच आकार पुन्हा पुन्हा जोडून केलेली नक्षी) एवढीच ओळख. एका रात्री, परीक्षेचा एक पेपर वाईट गेलेला असताना, त्याने तिथे मोठी पोस्ट लिहिली. आपल्याला नुसते बेडूक आणि बगळे करायचे नाहीत. घडी होणाऱ्या रचनांवर संशोधन करायचंय, पीएच.डी. करायचीय, अवकाशात उलगडणारी पॅनेल बनवायचीत. मियुरा घडीबद्दलही लिहिलं. कोर्यो मियुरा या जपानी शास्त्रज्ञाची ही घडी, दोन विरुद्ध कोपरे धरून ओढले की अख्खा कागद एका दमात उघडतो. १९९५ साली जपानने सोडलेल्या 'स्पेस फ्लायर युनिट' या यानावर सौर पॅनेल उलगडायला ती वापरली होती. पोस्ट मी वाचली आहे. मनापासून लिहिलेली आहे, आणि खरं सांगायचं तर छान लिहिलेली आहे.

दोनशेच्या वर लाल बदाम आले. "तू करणारच!" असं लिहिणारे कितीतरी. एकाने विचारलं, "मार्क किती आहेत?" आणि ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ सभासदाने एकच ओळ लिहिली: "इथे कागदाला बोलू द्या, बायोडेटा नको."

त्यानंतर गणिताचा पेपर राहिल्याचा निकाल लागला. मग ग्रुपवर कुणी सहज विचारलं, "काय मग, रिसर्च कुठवर आला?" की त्याच्या पोटात गोळा यायचा. आधी त्याने पोस्ट टाकणं बंद केलं, मग ग्रुप उघडणं, आणि शेवटी कागद हातात घेणं.

ही काळजी घेऊन येणारा तो काही एकटा नाही. तारे बघणारे, बुद्धिबळ खेळणारे, विणकाम करणारे, पक्षी टिपणारे सगळ्या प्रकारचे लोक येतात. छंदाच्या ग्रुपमध्ये आपण वर्षानुवर्षं 'बेडूकवाला' असतो आणि ते फार सुखाचं असतं. एक दिवस तिथेच आपलं करिअरचं स्वप्न बोलून जातो. मग वाटतं, आता हे लोक मला त्या स्वप्नाच्या फुटपट्टीने मोजणार.

माझी इथे चूक झाली, ती आधी सांगते. मी त्याला म्हणाले, "महिनाभर ग्रुपपासून लांब राहा. डोकं शांत होईल." सल्ला बरा वाटतो ऐकायला. महिन्याने तो आला तेव्हा अभ्यास आणखी मागे पडला होता आणि चेहरा आणखी उतरला होता. रोज रात्री दुसऱ्या नावाने ग्रुपमध्ये जाऊन जुन्या कमेंट वाचत बसायचा. ज्या एका जागी त्याला कुणीतरी समजत होतं, तीही मी काढून घेतली होती.

तेव्हा मी त्याला आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "पोस्ट टाकल्यानंतरच्या आठवड्यात तू काय केलंस?"

"कमेंट वाचल्या."

"आणि?"

"त्या आठवड्यात एका प्राध्यापकांना मेल लिहायचा होता. त्यांच्याकडे घडीच्या रचनांवर काम चालतं. मसुदा तयार होता."

"पाठवलास?"

"नाही." थोडं थांबून म्हणाला, "खरं सांगू? वाटलं, झालंच की."

हे 'झालंच की' मी वहीत लिहून घेतलं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेलं एक संशोधन नेमकं यावरच आहे. कायद्याचे विद्यार्थी घेतले. अभ्यासात झोकून देण्याचा इरादा त्यांच्याकडून लिहून घेतला. काहींचा इरादा समोरच्याने वाचून त्याची दखल घेतली, काहींच्या इराद्याची घेतली नाही. मग सगळ्यांना कायद्याचं काम दिलं. ज्यांची दखल घेतली गेली, त्यांनी कामाला कमी वेळ दिला. 'मी वकील होणार' हे दुसऱ्याच्या नजरेत उमटलं की मनाला वकील झाल्याचा थोडा भास होतो, आणि तेवढ्यापुरती भूक भागते.

म्हणजे स्वप्न कुणाला सांगूच नये? असा अर्थ लोक पटकन काढतात, मला तो पटत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हॉवर्ड क्लाइन यांच्या अभ्यासात असंही दिसलं आहे की ज्याच्या मताला आपण मान देतो अशा माणसाला ध्येय सांगितलं तर माणूस त्याला अधिक चिकटून राहतो. मला तरी यातून एवढंच कळतं, की कुणाला सांगतो आणि सांगताना त्याच्याकडून काय मागतो, यावर पुढचं ठरतं.

मी त्याला ती पोस्ट छापून आणायला लावली. "यात प्रश्नचिन्हं किती आहेत मोज." त्याने बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचली. परत वाचली. "एकही नाही." दीड पान मजकूर, त्यात 'मी करणार', 'मला व्हायचंय', 'माझं स्वप्न आहे', आणि कुणाला काही विचारलेलं नाही. मग लोकांनी तरी काय द्यावं? ते बदाम देतात. लोकांचा दोष नाही. स्वप्न ऐकलं की टाळ्या वाजवायच्या, हा साधा शिष्टाचार आहे.

त्याच बैठकीत, जवळजवळ चार महिन्यांनी, त्याने माझ्या टेबलावरच्या पॅडमधला एक कागद ओढला आणि बोलता बोलता घड्या घालायला लागला. सपाट मिटणाऱ्या कागदात, कडा सोडून आतल्या ज्या बिंदूपाशी घड्या एकत्र येतात, तिथे वर उठलेल्या आणि आत गेलेल्या घड्यांच्या संख्येत नेहमी दोनचाच फरक असतो, हे त्याने मला मोजून दाखवलं. माएकावाचा नियम म्हणतात त्याला. मी मुद्दाम वेडीवाकडी घडी घातली तरी फरक दोनच. मला गणितात रस नाही, पण हे बघताना मजा आली. आणि माझ्या लक्षात आलं, की मघापासून हा मुलगा बायोडेटाबद्दल एक अक्षर बोललेला नाही.

आता त्या ज्येष्ठ सभासदाबद्दल. मुलाला त्याचा फार राग होता. माझ्या मते त्याचं बोलणं कोरडं होतं, पण अगदीच चुकीचं नव्हतं. छंदाच्या जागेत कुणी करिअर आणलं की काही जण बिचकतात, कारण तिथे ते ऑफिसमधून पळूनच आलेले असतात. शिवाय एक जुनं निरीक्षण आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. नंतर बक्षीस नसताना त्या मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. आनंदाने करायच्या गोष्टीला बाहेरचा मोबदला जोडला की आनंद कधीकधी आटतो. मुलाच्या मनातही ही भीती होतीच, त्याने फक्त ती ज्येष्ठाच्या तोंडून ऐकली आणि चिडला. "घडी हेच काम झालं तर मला ती आवडेल का?" असं त्याने नंतर स्वतःच विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. बेडूक मात्र कधीच कामात आणू नकोस. बेडूक फक्त बेडूक राहू दे. हे त्याने लगेच मान्य केलं.

रॉबर्ट लँगचं उदाहरण तो सारखं द्यायचा. लँगने २००१ साली इंजिनिअरिंग सोडून पूर्णवेळ ओरिगामी धरली, मग मी का नाही? मी म्हटलं, गोष्ट अर्ध्यातून सांगू नकोस. लँग सहा वर्षांचा असल्यापासून घड्या घालत होता, भौतिकशास्त्र शिकला, नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम केलं, लेसरवर संशोधन केलं. सोडलं तेव्हा तो चाळिशीचा होता आणि सोडण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे होतं. हे ऐकून मुलगा खट्टू झाला. होऊ दिलं.

मग प्रत्यक्ष काय करायचं? मी विचारलं, "ग्रुपमध्ये असा कोण आहे, ज्याच्याशी तू फारसा बोलत नाहीस, पण ज्याचं काम तू थांबून बघतोस?" जिवलग दोस्तांची नावं मी मुद्दाम मागितली नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती खबर अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. छंदाचा ग्रुप म्हणजे अशा अर्धवट ओळखींचा खजिना. तिथे बेडकाच्या मागे कोण बसलंय, याचा पत्ता नसतो.

त्याने एक नाव सांगितलं. फक्त क्रीज पॅटर्न (घड्यांच्या रेषांचे आराखडे) टाकणारा, खाली एका ओळीपलीकडे काही न लिहिणारा सभासद.

"त्याला काय लिहिशील?"

"मला संशोधन करायचंय, मार्गदर्शन करा."

"हे नको. तुला अडलंय काय, ते लिही."

अडलेलं बरंच होतं. त्याने मियुरा घडी जाड पुठ्ठ्यावर करून पाहिली होती आणि ती कोपऱ्यात अडकायची. पुस्तकातल्या कागदाला जाडी नसते, खऱ्या पॅनेलला असते. एकावर एक थर आले की जाडी कुठेतरी मावावी लागते. या विषयात खरीखुरी डोकेफोड चालते ती इथेच, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तो मेसेज सात ओळींचा झाला. काय केलं, कुठे अडकलं, दोन फोटो, आणि शेवटी दोन प्रश्न. 'माझं स्वप्न' हा शब्द कुठेच नव्हता. तरी वाचणाऱ्याला या पोराला काय व्हायचंय ते कळल्याशिवाय राहिलं नसतं.

उत्तर पाच दिवसांनी आलं. त्या पाच दिवसांत त्याने मला दोनदा फोन केला, ते असो. तो सभासद बिजागऱ्यांशी संबंधित काम करणारा इंजिनिअर निघाला. बिजागरी पुठ्ठ्याच्या मध्यावर न ठेवता कडेला सरकवून बघ, असं त्याने लिहिलं होतं. आणि खाली: "लिनिअर अल्जिब्रा पक्कं कर, नाहीतर पुढे रडशील." राहिलेला पेपर नेमका त्याच विषयाचा होता. आई वर्षभर जे सांगून थकली होती, ते एका अनोळखी माणसाने एका ओळीत सांगितलं आणि मुलाने ऐकलं. आईला याचं वाईट वाटलं. वाटणारच.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" असं तिने माझ्यासमोरच त्याला विचारलं. तो म्हणाला, "घरी सांगितलं की लगेच त्याची तारीख ठरते. कधी फॉर्म, किती फी, नाही झालं तर काय. तिथे ते थोडे दिवस नुसतं राहू शकतं." आई काही बोलली नाही. मीही नाही.

अनोळखी लोकांची तिला भीती होती, ती रास्त आहे, म्हणून त्याच बैठकीत काही गोष्टी ठरल्या. विषय सांगायचा, पत्ता नाही. कॉलेजचं नाव, ओळखपत्र, गुणपत्रिकेचा फोटो ग्रुपवर नाही. मार्गदर्शनासाठी कुणी खासगीत पैसे मागितले किंवा 'हे कुणाला सांगू नकोस' म्हटलं, की बोलणं तिथेच बंद आणि घरी सांगायचं. स्वतःची नवी रचना अर्धवट असताना पूर्ण क्रीज पॅटर्न टाकायचा नाही, आधी तारीख घालून आपल्याकडे जपून ठेवायचा. त्याला या सगळ्यात फक्त शेवटचं पटलं. बाकीचं आईसाठी पाळतो म्हणाला.

पेपर पुन्हा दिलाय, निकाल यायचाय. प्राध्यापकांचा मेल गेला. "सध्या जागा नाही, पुढच्या वर्षी लिही," असं उत्तर आलं, त्यावर तो दोन दिवस गप्प होता. अभ्यास रोज होतो असं नाही.

परवा मात्र सात महिन्यांनी त्याने ग्रुपवर पोस्ट टाकली. अडकलेल्या पुठ्ठ्याचा फोटो, कोपऱ्यावर लाल पेनाने केलेला गोल, आणि दोन ओळी: "बिजागरी कडेला सरकवली तरी तिसऱ्या रांगेत अडकतंय. काय चुकतंय?" बदाम आले अकरा. उत्तरं नऊ. सगळ्यात पहिलं त्याच ज्येष्ठ सभासदाचं होतं: "पुठ्ठा किती मिलिमीटरचा आहे?"